सहा कॅट आणि दीड लाख

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

वय ३१. अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी, राहायला पंचवटीत. दिवाळीनंतर मित्रांबरोबर गोव्याला गेलो होतो. तिथे पहिल्यांदा ब्लॅकजॅक खेळलो आणि हजार-हजार लावत दोन तासांत ११ हजार जिंकलो. तेव्हापासून पत्ते मोजायला, म्हणजे कार्ड काउंटिंग शिकतोय. पण हाय-लो, केओ, हाय-ऑप्ट टू, ओमेगा टू, झेन अशा इतक्या पद्धती आहेत की सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. मित्र म्हणतो, शिकायचं तर सगळ्यात ताकदवान पद्धत शीक. सोपी पद्धत कॅसिनोवाले लगेच ओळखतात. माझं गणित चांगलं आहे. दर दोन महिन्यांनी एक वीकेंड गोव्याला जायचा विचार आहे. फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी साठवलेल्यातले दीड लाख बाजूला काढलेत. बायकोला अजून सांगितलेलं नाही, आधी जिंकून दाखवावं म्हणतो. नीट जमलं तर हे पैसे छापण्याचं मशीनच आहे. मित्राने एक मोबाइल अ‍ॅपही सुचवलंय, त्यावर घरबसल्या सरावही होतो आणि कमाईही. नवशिक्याने कोणती पद्धत निवडावी?

उत्तर:

नमस्कार.

उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे ते शोधत शेवटपर्यंत वाचायला नको. हाय-लो. बाकीच्या चारही पद्धती कपाटात ठेवा. पण तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटतं, पद्धतीचा प्रश्न त्यातला सगळ्यात लहान आहे आणि तुम्ही तोच मोठ्या अक्षरात लिहिलाय.

तुमच्या घरी मेंढीकोट खेळत असतील, तर पत्ते मोजणं तुम्ही लहानपणीच पाहिलंय. चौथी मेंढी कोणाकडे दडलीय, हुकमाचे किती गेले, हे एखादी आत्या गप्पा मारता मारता अचूक सांगते. ब्लॅकजॅक न खेळलेल्या वाचकांसाठी: डाव तुमच्यात आणि कॅसिनोच्या डीलरमध्ये असतो, पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जितकी जवळ तितकं बरं, पण एकवीस ओलांडली की उडालात. त्यातलं मोजणं मेंढीकोटाहून सोपं असतं, कारण कोणता पत्ता कुठे आहे हे सांगायचंच नसतं. उरलेल्या पत्त्यांत मोठे जास्त आहेत की लहान, एवढीच खबर ठेवायची. दश्शी, गुलाम, राणी, राजा आणि एक्का जास्त उरले असतील तर पारडं तुमच्याकडे झुकतं. दोन पत्त्यांत एकवीस लागण्याची शक्यता वाढते. ती डीलरचीही तेवढीच वाढते, पण तुम्हाला लागलं तर दीडपट मिळतात आणि त्याला लागलं तर तुमचे एकपटच जातात. शिवाय सोळापर्यंत त्याला पत्ता घ्यावाच लागतो, त्यामुळे बारा ते सोळात अडकला की मोठा पत्ता येऊन तो उडतो. तुम्ही थांबू शकता, त्याला ती मुभा नाही.

हे १९६२ मध्ये एडवर्ड थॉर्प या अमेरिकन गणितज्ञाने पुस्तकात मांडलं. पुढच्याच वर्षी हार्वे डबनर यांनी हाय-लोची कल्पना पुढे आणली आणि आयबीएममधल्या ज्युलियन ब्राउन यांनी ती संगणकावर घासूनपुसून घेतली. दुर्री ते छक्की, प्रत्येक पत्त्याला अधिक एक. सत्ती, अठ्ठी, नव्वीला शून्य. दश्शी ते एक्का, उणे एक. एका कॅटमध्ये वीस पत्ते अधिकचे आणि वीस उण्याचे, म्हणून पूर्ण कॅट मोजून झाला की बेरीज शून्यावर यायला हवी. टेबलावर बहुधा सहा किंवा आठ कॅट एकत्र पिसलेले असतात, त्यामुळे चालू बेरजेला उरलेल्या कॅटनी भागायचं. बेरीज अधिक सहा आणि तीन कॅट शिल्लक, तर खरी बेरीज अधिक दोन. तीच अधिक सहा एकच कॅट उरलेला असताना आली, तर अधिक सहाच. खरी बेरीज एकाने वाढली की साधारण अर्धा टक्का फायदा तुमच्या बाजूला सरकतो. पद्धत म्हणतात ती एवढीच.

आता तुमच्या मित्राच्या 'ताकदवान' या शब्दाकडे येऊ. ओमेगा टूमध्ये दुर्री, तिर्री, सत्तीला एक, चौकी-पंजी-छक्कीला दोन, नव्वीला उणे एक, दश्शी आणि चित्रांना उणे दोन, अठ्ठी आणि एक्क्याला शून्य. एक्के वेगळे, मनातल्या दुसऱ्या खिशात मोजायचे. एवढं करून काय मिळतं? पत्ता घ्यावा की थांबावं हे ओळखण्यात हाय-लोला शंभरात साधारण ५१ गुण पडतात आणि ओमेगा टूला ६७. इथे तुमच्या मित्राचं बरोबर आहे. पण बेट कधी वाढवावी हे ओळखण्यात हाय-लोला ९७ आहेत आणि एक्के वेगळे न मोजता खेळलात तर ओमेगा टूला ९२. सहा-आठ कॅटच्या टेबलावर जी काही कमाई होते ती मुख्यतः बेट कमी-जास्त करण्यातून होते. म्हणजे नवशिक्याने जास्त कष्टाची पद्धत अर्धवट वापरली, तर नेमक्या महत्त्वाच्या जागी तो मागे पडतो. तुमच्या खात्यातलं उदाहरण घ्या. मायक्रॉन दाखवणारं मापक आणलं, पण दर दहा मापांत एक माप चुकीचं वाचलं जात असेल, तर त्यापेक्षा जुना व्हर्नियर बरा. तुमचं गणित चांगलं आहे यावर माझा विश्वास आहे. पण इथे गणित दुसरीतल्या बेरजेचं आहे. परीक्षा असते ती गोंगाटात, चार तास, कोणी मध्येच काही विचारलं तरी आकडा न सोडण्याची. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. भाच्याच्या नादाने एका मे महिन्यात हाय-लो पक्कं केलं आणि पहिल्यांदा खऱ्या टेबलाशी बसले. अधिक नऊवर होते. 'मॅडम, काही घेणार?' असा आवाज आला, मी लिंबू-सोडा सांगितला आणि नऊ कुठे गेले ते आजतागायत सापडले नाहीत.

सोपी पद्धत कॅसिनोवाले ओळखतात, हेही उलटंच आहे. तुमच्या डोक्यात कोणती पद्धत चाललीय हे कॅमेऱ्यात दिसत नाही. खरी बेरीज वाढली की तुमच्या चिप्सचा, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्यांचा, ढीग वाढतो, हे दिसतं. हाय-लो असो की ओमेगा, ढीग त्याच वेळी वाढणार. डोक्यात मोजणं हा गुन्हा नाही. पण 'तुम्ही दुसरं काही खेळा, ब्लॅकजॅक नको' असं ते नम्रपणे सांगू शकतात. मोबाइल काढून मोजायचा मात्र विचारही करू नका. अमेरिकेत नेवाडा राज्याने तर १९८५ पासून टेबलावर असं यंत्र वापरणं गुन्हाच ठरवलंय.

इतर वाचकांपैकी कोणाला भागाकाराचीच धास्ती असेल, तर केओ ही प्रामाणिक पद्धत आहे. हाय-लोसारखीच, फक्त सत्तीलाही अधिक एक. त्यामुळे कॅट संपला की बेरीज शून्य न येता अधिक चार येते. सहा कॅटला उणे वीसपासून मोजायला सुरुवात केली, तर भागाकाराशिवाय चालू बेरीजच सांगते की वारं फिरलं. नेमकेपणा थोडा कमी, डोक्याला ताप बराच कमी. तुम्हाला भागाकार जड नाही, म्हणून तुम्हाला हाय-लो सांगितलं.

पण यातलं काहीही शिकण्याआधीची एक पायरी तुमच्या पत्रात कुठेच नाही. मूलभूत डावपेच, म्हणजे बेसिक स्ट्रॅटेजी. आपल्याकडे सोळा आणि डीलरसमोर दश्शी उघडी असेल तर काय करायचं? अठ्ठ्यांची जोडी कधी फोडायची? अकरावर बेट दुप्पट करायची का? प्रत्येक परिस्थितीला गणिताने ठरलेलं उत्तर आहे. १९५६ मध्ये अमेरिकन सैन्यातल्या चौघांनी ते साध्या गणनयंत्रांवर बसून काढून छापलं. हा तक्ता तोंडपाठ असेल तर चांगल्या नियमांच्या टेबलावर कॅसिनोचा फायदा अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. नसेल, तर मोजून मिळवलेलं सगळं चुकीचा पत्ता मागण्यात जातं. तुम्ही पाच पद्धतींची नावं लिहिलीत, तक्त्याचं एकही नाही, म्हणून विचारते. सोळा विरुद्ध दश्शीला तुम्ही काय केलंत त्या रात्री? (तक्ता म्हणतो, पत्ता घ्या. जीव धजत नाही, ठाऊक आहे.)

त्या ११ हजारांबद्दल. दर डावाला ₹१,००० लावून तासाला ६० डाव, म्हणजे दोन तासांत १२० डाव. एवढ्या खेळात निव्वळ योगायोगाने साडेबारा हजारांपर्यंत वर किंवा खाली जाणं हे नेहमीचं असतं. तुमचे ११ हजार त्याच्या आतच बसतात. त्या रात्री तुम्ही चांगले खेळलात की वाईट, हे त्या आकड्यावरून कोणालाच सांगता येणार नाही. निफाडकडच्या द्राक्षबागायतदाराला विचारा, एका हंगामाच्या भावावरून तो बाग लावत नाही.

हाच हिशेब पुढे नेऊ, आणि तुमच्या बाजूने सढळ हाताने. समजा तुम्ही हाय-लो चोख खेळता, सरासरी बेट हजार आणि फायदा पूर्ण एक टक्का. म्हणजे तासाला ₹६००. वीकेंडला २० तास बसलात (बसवणार नाही, पण समजा), तर अपेक्षित कमाई ₹१२,०००. त्याच २० तासांतला चढ-उतार मात्र ₹४०,००० च्या घरात. याचा अर्थ असा की तुमच्याइतकेच चोख खेळणारे शंभर जण बसवले, तर त्यातले साधारण ३८ जण वीकेंडअखेर तोट्यात घरी येतील. चूक न करता. आणि वर-खाली बेट लावणाऱ्याचा चढ-उतार याहून मोठा असतो, मी सोपं करून सांगितलं. एक-दोन वाईट वीकेंडला दीड लाख सहज अर्ध्यावर येतात, मग माणूस बेट कमी करतो किंवा, जे जास्त वेळा होतं, 'भरून काढायला' वाढवतो.

आणि हे सगळं कराच्या आधीचं. तुमच्या मित्राने याबद्दल अवाक्षर काढलेलं दिसत नाही. सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर ४० टक्के जीएसटी आहे. त्याआधी ऑक्टोबर २०२३ पासून तो २८ होता. तो चिप्स घेताना भरलेल्या रकमेवर लागतो. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर परत लागत नाही, तेवढीच सवलत. यातला किती भाग तुमच्या खिशातून जाणार, ते चिप्सच्या काउंटरवर आधी विचारून घ्या. एक लाखाच्या चिप्सवर पूर्ण ४० हजार तुमच्याच माथी आले, तर एक टक्का फायद्याने ते भरून यायला ४० लाखांच्या बेट लावाव्या लागतील. हजाराच्या हिशेबाने चार हजार डाव, म्हणजे जवळपास ६७ तास, नुसते शून्यावर यायला. त्यानंतर जिंकलं तर जिंकलेल्या रकमेवर सरळ ३० टक्के आयकर, वर सेस. हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही, प्रवासखर्च नाही, पुढच्या वर्षी ओढता येत नाही. लास वेगासमधल्या मोजणाऱ्यांच्या कथा वाचून गोव्यात बसणाऱ्याची गफलत इथे होते. पत्ते तेच, टेबलाखालचा हिशेब वेगळा. नोटा छापण्याचं काम आपल्याकडे नाशिकरोडच्या प्रेसमध्ये चालतं. ब्लॅकजॅकच्या टेबलावर त्या फक्त हात बदलतात.

टेबलाबद्दलही विचारायला हवं. एकवीसला दीडपट देतात की पाचाला सहा? पाचाला सहा असेल तर त्या एका नियमाने कॅसिनोचा फायदा सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतो, उठून या. प्रत्येक डावानंतर पत्ते परत घेऊन सतत पिसणारं यंत्र ठेवलंय का? मग हाय-लो काय आणि ओमेगा काय, मोजण्यासारखं काहीच उरत नाही. आणि हाताने पिसत असतील तर सहातले किती कॅट वाटून झाल्यावर पिसतात? तीनवरच थांबत असतील तर बेरीज पिकण्याआधीच शेत नांगरलं म्हणायचं.

अ‍ॅपचा विषय दोन वाक्यांत. सॉफ्टवेअरवाल्या ब्लॅकजॅकमध्ये बहुधा प्रत्येक डावाला पत्ते नव्याने पिसलेले असतात, तिथे मोजण्याचा उपयोग शून्य. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे, त्यामुळे तुमच्या मित्राच्या अ‍ॅपमध्ये टाकलेले पैसे बुडाले तर ते परत मिळवणं फार अवघड. फुकट सराव करून देणारी, पैसे न मागणारी अ‍ॅप वेगळी, ती वापरा. आणि कोणी गंगापूर धरणाकडच्या फार्महाऊसवर 'आपणच टेबल लावू' म्हणालं, तर आपल्याकडे १८८७ चा जुगारबंदीचा कायदा अजून लागू आहे हे त्याला सांगा. कॅसिनोला परवानगी देणारा १९७६ चा कायदा महाराष्ट्राने कधी वापरलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्दही करून टाकला.

आता दीड लाखांबद्दल. जुगार वाईट, असं भाषण मी देणार नाही. तुम्ही ३१ वर्षांचे आहात. मला खटकलं ते क्रियापद. 'बाजूला काढलेत.' ते बाजूला नव्हतेच, ते फ्लॅटचे होते, आणि फ्लॅट दोघांचा. 'आधी जिंकून दाखवावं' यातही मेख आहे. वरचा हिशेब पाहिलात तर चोख खेळूनही पहिल्या वीकेंडला हरण्याची शक्यता शंभरात ३८. मग दुसऱ्या वीकेंडचं कारण काय सांगणार? न सांगितलेली गोष्ट हरल्यावर सांगणं फार जड जातं, आणि ते टाळण्यासाठी माणसं अजून एकदा जातात. माझ्याकडे येणाऱ्या अशा पत्रांत ज्यांचं खरोखर बिघडलेलं असतं, त्यांचं पत्ते मोजण्यात बिघडलेलं नसतं, इथे बिघडलेलं असतं. तुमचं अजून काही बिघडलेलं नाही. पण हे वाचणाऱ्यांत कोणी त्या टप्प्यापुढे गेलं असेल, उसने घेऊन खेळत असेल, झोप उडाली असेल, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं.

मोजण्याची आणि जुगाराची सांगड आपल्याकडे जुनी आहे. महाभारताच्या वनपर्वात ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडाची पानं आणि फळं किती ते सांगतो. जुगारात राज्य हरून त्याचा सारथी झालेल्या नलाला ते पटत नाही, तो रथ थांबवून मोजून पाहतो, आकडा बरोबर निघतो. मग अश्वविद्येच्या बदल्यात तो अक्षविद्या घेतो आणि पुष्कराकडून राज्य परत जिंकतो. मला यात कायम गंमत वाटते ती ही गोष्ट कोणाला सांगितलीय याची. बृहदश्व ऋषी ती युधिष्ठिराला सांगतात आणि शेवटी त्यालाही ती विद्या शिकवतात. वनवासात, सगळं हरून झाल्यावर. तुम्हाला क्रम बदलायची संधी आहे.

तर असं करा. दीड लाख होते तिथे परत ठेवा. सहा कॅट विकत घ्या, सगळे एकाच छापाचे. पहिले दोन-तीन आठवडे फक्त तक्ता. मग एक कॅट घेऊन एकेक पत्ता उलटत हाय-लो मोजा. जोडीने बघायची सवय लावा, राजा आणि पंजी एकत्र दिसले की दोघांना काट. अर्ध्या मिनिटात कॅट संपवून शून्यावर आलात की पुढची परीक्षा: न बघता एक पत्ता काढून उलटा ठेवायचा, उरलेले ५१ मोजायचे, आणि बेरजेवरून सांगायचं की तो मोठा, लहान की मधला. बेरीज अधिक एक आली तर उलटा पत्ता मोठा. दहापैकी दहा वेळा बरोबर यायला लागलं की टीव्ही लावून, मग कोणाशी बोलत बोलत. मिसळीच्या दुकानात रविवारी सकाळी बसून जमलं, तर जमलं समजा.

मग सहाही कॅट पिसा, शेंगदाण्यांच्या चिप्स करा, एक शेंगदाणा म्हणजे हजार रुपये. वहीत प्रत्येक बैठकीची तारीख, डाव, सुरुवातीचे दाणे, शेवटचे दाणे. जीएसटीचे दाणे सुरुवातीलाच वाटीतून काढून ठेवायचे, लबाडी नको. चार हजार डाव होईपर्यंत गोव्याचं तिकीट काढायचं नाही. त्यानंतरही जावंसं वाटलं, तर मंगला एक्स्प्रेस नाशिकरोडहून मडगावला जातेच. सिनेमा, हॉटेलिंग यासाठी महिन्याला जेवढं सहज उडवता तेवढीच रक्कम न्या, आणि ती खर्च झाली असं समजूनच गाडीत बसा.

वाटायला मात्र दुसरं माणूस लागतं. स्वतःच वाटून स्वतःच मोजलं की डोळा आपोआप पुढे पाहतो, सराव खोटा होतो. मित्राला रोज बोलावता येणार नाही. बायकोलाच डीलर करा. तिने सोळापर्यंत पत्ता घ्यायचा, सतरावर थांबायचं, एवढा एकच नियम तिला शिकवावा लागेल. आणि त्याआधी हे सगळं काय चाललंय, तेही सांगावं लागेल.